शेठचं पाणी

आमची आत्या वळू केंद्रात नोकरीला होती आणि तिला वळूंची प्रचंड भीती वाटायची. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला गोठे आणि उजव्या हाताला प्रयोगशाळा. ही बाई पर्स छातीशी धरून उजव्या भिंतीला जवळजवळ घासत जायची. डावीकडून नुसती साखळी वाजली तरी चालणं सोडून पळत सुटायची. आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे आतोबा, त्याच डाव्या हाताच्या गोठ्यांत वळू सांभाळायचे. दोघांचा संसार त्या केंद्राच्या जिवावर उभा होता, पण कित्येक वर्षं ती गोठ्यात गेली नाही आणि ते प्रयोगशाळेत आले नाहीत.

त्याआधी ती फोटो स्टुडिओत होती. स्टुडिओ आजोबांचा. आजोबा पुढे लोकांना हनुवटी वर करायला सांगत आणि आत्या मागच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फोटो धुवायची. कोरा कागद ताटातल्या औषधाच्या पाण्यात टाकायचा, हलकं हलकं हलवायचा, की आधी डोळे दिसायचे, मग केस, मग सगळा माणूस. हजारदा बघूनही तिला ते जुनं झालं नव्हतं. पुढे जो तो रंगीत रोलचा छोटा कॅमेरा घेऊन फिरायला लागला आणि स्टुडिओ बंद पडला. आत्या प्रयोगशाळेचं काम शिकली आणि वळू केंद्रात जागा निघाली तेव्हा तिथे लागली.

पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या बाईंनी काचपट्टीवर एक थेंब ठेवला आणि तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"काय दिसतं?"

"बाई, हे उकळतंय!"

"उकळत नाही. पोहतायत ते."

आत्याने पुन्हा डोळा लावला. दुधाळ ढगांचे लोट एकमेकांवर चढत होते, फुटत होते, पुन्हा उठत होते. मग बाईंनी थेंब पातळ केला आणि ढगाऐवजी एकेक जीव सुटा दिसायला लागला. चपटं डोकं, लांब शेपटी, आणि जायची घाई. कुठे जायचंय ते ठाऊक नाही, समोर गाय नाही, काच आहे, तरी प्रत्येकाला जायचंच होतं. आत्या सांगते, "मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच्या घराच्या खिडकीतून आत बघतोय. डोळा काढवेना आणि बघत बसायची लाजही वाटेना."

तेव्हापासून हेच तिचं काम झालं. बाहेरच्या अंगणात वळूचं वीर्य घेत, ते काचेच्या नळीत भिंतीतल्या छोट्या झरोक्यातून आत येई. ती त्याची दाटी बघायची, चाल बघायची, अंड्याचा बलक घातलेल्या द्रवात ते पातळ करायची. मग ते प्लॅस्टिकच्या बारीक कांड्यांत भरून गोठवत. दुसऱ्या दिवशी एक कांडी कोमट पाण्यात वितळवून उघडायची आणि बघायचं, की गोठूनही किती जण जिवंत राहिले. चांगल्या वळूचेही बरेच मरतात. पण जे उरतात ते असे हलायला लागतात, जणू मध्ये काही झालंच नाही. उणे दोनशे अंशांच्या आसपास थंडीत दगड होऊन पडलेला जीव कोमट पाणी लागताच शेपूट हलवतो, हे ती आम्हाला जेवता जेवता सांगायची आणि आमचे घास हातातच राहायचे. आई म्हणायची, "वन्सं, निदान पोरांचं जेवण तरी होऊ द्या."

आतोबांशी तिची ओळख त्या झरोक्यातूनच झाली. आधी हात दिसला, माणूस नंतर. बाकीचे लोक नळी नुसती पुढे करायचे. हा एक हात नळीला मऊ फडकं गुंडाळून आणायचा, वारा लागून गार होऊ नये म्हणून. "ज्याला नळी गार पडेल याची काळजी, तो बायकोला काय उपाशी ठेवणार?" असं आत्या हसत म्हणायची. लग्न झालं आणि घरी रोज संध्याकाळी वळूंवर बोलणं सुरू झालं. कोणी आज वैरण खाल्ली नाही, कोण चिडला, कोणाच्या खुराला सूज आहे, हे आतोबा सांगायचे. कोणाचे शुक्राणू आज सरळ पोहत होते आणि कोणाचे गोल गोल फिरत होते, हे आत्या सांगायची. एकाच जनावराची दोन टोकं दोघांनी धरलेली होती.

अशात केंद्रात शेठ आला. आला तेव्हा गोऱ्हाच होता, पण चाल मात्र दुकान उघडायला निघालेल्या मालकासारखी. घाई नाही, इकडेतिकडे बघणं नाही. म्हणून शेठ. त्याची आई दुधाला नावाजलेली, बाप तसाच, आणि केंद्राने त्याच्यावर फार आशा ठेवली होती. आतोबांनी त्याला हाताने वाढवला. ते गोठ्यात शिरले की शेठ मान खाली घालून कपाळ पुढे करायचा, आणि ते खाजवल्याशिवाय पुढे सरकू द्यायचा नाही.

शेठ वयात आला आणि त्याची पहिली नळी झरोक्यातून आत आली. आत्याने थेंब ठेवला आणि मोठ्याने हाक मारली, "बघायला या सगळ्या!" असे लोट तिने कधी बघितले नव्हते. संध्याकाळी आतोबा घरभर मिरवत होते, जणू पोरगा पहिला आलाय.

दुसऱ्या दिवशी तिने कांडी उघडली. काहीच हलत नव्हतं. तिने काच बदलली, पाण्याची ऊब तपासली, दुसरी कांडी उघडली. शेपट्या सरळ, ताठ, जिथल्या तिथे. मैदान भरलेलं आणि एकही माणूस उभा नाही.

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. वैरण बदलली, विश्रांती दिली, थंडीचे दिवस येऊ दिले. ताजं असताना जत्रा आणि गोठवलं की सगळं शांत. ज्याचं वीर्य गोठवून टिकत नाही तो वळू केंद्राच्या कामाचा नाही. साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, माणूस भला होता, पण त्यांनाही शेवटी म्हणावं लागलं, की असंच चाललं तर याला काढावा लागेल.

घरात कुरबुर सुरू झाली.

"तुमच्या त्या द्रवातच काहीतरी गडबड आहे," आतोबा म्हणाले.

"त्याच द्रवात बाकी सगळ्यांचे जगतात. तुमच्याच लाडक्याचे मरतात. त्याला मी काय करू?"

"तू नीट बघत नसशील."

आत्याने ताट बाजूला सारलं. "मी नीट बघते म्हणूनच मला झोप लागत नाही."

आतोबांनी उठून तिचं ताट परत तिच्यापुढे ठेवलं.

त्या सुमाराला केंद्रात एक संशोधक बाई आल्या. ठेंगण्या, केस आखूड, सोबत तीन माणसांनी उचलावी लागली अशी पेटी. आल्या आल्या म्हणाल्या, "मला शुक्राणू नकोत. ते ज्या पाण्यात पोहतात ते पाणी हवंय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आजवर सगळ्यांनी शुक्राणू मोजले होते, पाण्याकडे कोण बघतं? पण बाईंचा सगळा अभ्यास त्या पाण्यातल्या प्रथिनांवर होता. दोन दिवसांत केंद्राने त्यांचं बारसं करून टाकलं, प्रथिनबाई.

आत्याला त्यांच्या मदतीला दिलं. पहिल्याच चहाला आत्याने मनातलं विचारून टाकलं. "बाई, त्या पाण्यात असं काय असतं?"

प्रथिनबाईंनी कप खाली ठेवला. "शुक्राणू तयार होतो तेव्हा तो वळूच्या अंगातल्या नळीत गप्प पडून असतो. बाहेर पडायच्या क्षणी वाटेतल्या ग्रंथी त्याच्यावर हे पाणी सोडतात. त्यात शेकडो तऱ्हेची प्रथिनं. ती डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्याच्या अंगाला जाऊन चिकटतात. काही त्याचं रक्षण करतात. काही त्याच्या कातडीतली चरबी थोडी थोडी काढून घेतात."

"चरबी का काढायची बिचाऱ्याची?"

"कातडी सैल व्हायला. ती सैल झाली नाही तर गायीच्या पोटात अंड्यापाशी पोचूनही त्याला आत शिरता येणार नाही. म्हणजे निघतानाच त्याची शेवटची तयारी सुरू करून दिलेली असते."

इतकी वर्षं तिने ज्याला नुसतं पाणी म्हटलं, ते लेकराला दारात उभं करून कपडे घालणाऱ्या आईसारखं निघालं.

"मग ही प्रथिनं चांगलीच की," ती म्हणाली.

"गायीच्या पोटात चांगलीच. तिथे शुक्राणू या पाण्यात थांबतच नाही, पुढे निघून जातो. आपल्या काचेच्या नळीत मात्र तो त्यातच बसून राहतो, आणि प्रथिनं आपलं काम करतच राहतात. चरबी निघत जाते, कातडी विरत जाते. वरून दिसत काहीच नाही, छान पोहत असतो. मग आपण त्याला थंडीत टाकतो आणि कातडी फाटते."

आत्या ताडकन उभी राहिली. "शेठ!"

"असेल," प्रथिनबाई म्हणाल्या. "नसेलही. बघू या."

त्यांनी बऱ्याच वळूंचं पाणी वेगळं काढलं. नळी गरगर फिरवली की शुक्राणू तळाला बसतात आणि वर पाणी राहतं. ते काचेच्या दोन तावदानांमधल्या जेलीच्या पातळ वडीत सोडलं आणि विजेचा प्रवाह दिला. जड प्रथिनं वर अडकतात आणि हलकी खाली धावतात, असं बाईंनी समजावलं. मग ती वडी निळ्या रंगात बुडवली. सगळीच निळीशार झाली. आत्याला वाटलं, बिघडलं बहुतेक.

"आता धुवा," बाई म्हणाल्या.

आत्याने ताटात स्वच्छ पाणी घेतलं आणि हलकं हलकं हलवायला लागली. हाताला ती हालचाल पाठ होती. निळा रंग सुटत गेला, वडी पारदर्शक झाली, आणि तिच्यात एकेक रेघ उमटायला लागली. आधी पुसट, मग ठळक. प्रत्येक वळूची एक उभी ओळ, प्रत्येक ओळीत आडव्या निळ्या रेघांची उतरंड. कोणत्याही दोन ओळी अगदी सारख्या नव्हत्या.

"बाई," आत्या हळूच म्हणाली, "हे तर चेहरे आहेत."

शेठच्या ओळीत खालच्या बाजूला एक रेघ होती, ती इतरांच्या ओळींतही होती. पण शेठची अंगठ्याएवढी जाड. चरबी काढणाऱ्या प्रथिनांची हीच जागा. ताट हातात धरून आत्या किती वेळ उभी होती तिलाच आठवत नाही. एवढा डोंगरासारखा वळू, आणि त्याचं नशीब त्या निळ्या रेघेत अडकलेलं.

मग अदलाबदल केली. केंद्रात एक वळू होता, कधी हंबरायचा नाही म्हणून त्याला मुका म्हणत. त्याचे शुक्राणू गोठवून उत्तम टिकायचे. शेठचे शुक्राणू त्याच्या पाण्यातून काढून मुक्याच्या पाण्यात ठेवले आणि मुक्याचे शेठच्या पाण्यात. दोन्ही गोठवले.

कांड्या आत्यानेच उघडल्या. मुक्याचे शुक्राणू शेठच्या पाण्यात जवळजवळ सगळे मरून पडले होते. तिने दुसरी काच ठेवली. मुक्याच्या पाण्यातले शेठचे शुक्राणू. एक हलला. त्याच्या बाजूचा हलला. मग इकडून, तिकडून, सगळीकडून ते सुटले आणि काच जिवंत झाली. आत्याने खुर्ची सोडली आणि प्रथिनबाईंना बसायची खूण केली.

बाईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "परत करायचं. पुष्कळदा परत करायचं. एकदा दिसलं म्हणजे खरं नव्हे." परत केलं, पुष्कळदा केलं. कधी कमी, कधी जास्त, पण बहुतेकदा तेच दिसलं.

आता प्रश्न असा, की रोज रोज पाणी बदलत बसणं काही जमणारं नव्हतं. त्यावर बाईंनी आत्याला तिच्याच कामातली एक गोष्ट सांगितली, आणि आत्याला तिचं नवल अजूनही ओसरलेलं नाही. द्रवात अंड्याचा बलक घालतात, तो आत्या रोज घालायची. शुक्राणूंना मऊ अंथरूण म्हणून, असं तिला वाटायचं. खरं तर बलकातली चरबी ही प्रथिनं स्वतःला चिकटवून घेते. शुक्राणूच्या कातडीऐवजी तीच त्यांच्या तावडीत सापडते.

"म्हणजे पिल्लासाठी केलेला बलक वासराच्या कामी येतो?" आत्या म्हणाली. "कोंबडीला पत्ता तरी आहे का?"

"फक्त तो लवकर यायला हवा," बाई म्हणाल्या. "शेठची नळी झरोक्यापर्यंत येते, तुम्ही तपासता, मग बलक पडतो. तोवर उशीर होतो. अंगणातच, नळी भरल्या क्षणी बलकाचा द्रव पडला पाहिजे."

"मग अंगणात कोणाला तरी उभं करा."

साहेब दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "तुम्हालाच. द्रवाची ऊब आणि माप तुमच्या हातात बसलंय. दुसऱ्या कोणावर मी हे सोपवणार नाही."

त्या दिवशी संध्याकाळी आत्याने घरी भाजी दोनदा फोडणीला टाकली.

सकाळी ती अंगणात उभी होती. हातात कोमट द्रवाची नळी, अंगावर जाड झगा, चेहरा पांढराफटक. आतोबांनी शेठला आणला. तेवढ्याशा जागेत तो आला आणि उजेड कमी झाल्यासारखं झालं. श्वास भात्यासारखा. पाऊल टाकलं की तिच्या तळव्यांना जमीन थरथरलेली कळत होती.

"अहो, धरलंय ना नीट?"

"मी धरलंय. तू त्याच्याकडे बघू नकोस, हातातल्या नळीकडे बघ."

पण ती त्याच्याकडेच बघत राहिली. समोर उभ्या केलेल्या शांत बैलावर शेठ चढला, सगळं धूड क्षणभर हवेत उचललं गेलं, आणि दुसऱ्या क्षणी तो खाली होता. संपलं. वीर्य धरणाऱ्या माणसाकडून दुसरी नळी हातात आली तेव्हा तळाशी चमचाभर दुधाळ, गरम काहीतरी होतं. आत्याने द्रव ओतला. एक थेंब सांडला नाही. मान वर केली तर शेठ तिच्याकडे बघत उभा. एवढ्या मोठ्या डोक्यावर एवढ्या लांब पापण्या असतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. त्याने सोडलेला श्वास तिच्या कोपरावर आला, ऊन, वैरणीच्या वासाचा.

"आयुष्यभर मी याला काचेवर बघितलं," ती म्हणाली, "आणि हा एवढा आहे होय!"

आतोबा इतके हसले की शेठने कान टवकारले.

दुसऱ्या दिवशी कांडी उघडायच्या वेळी तिने आतोबांना बोलावणं धाडलं. ते दारातच अडून बसले. "माझे पाय शेणाचे आहेत." तिने त्यांना पाय धुवायला लावले, हाताला धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. त्यांनी डोळा लावला.

"काय दिसतं?"

"गवताच्या काड्या."

"त्या तुमच्या पापण्या आहेत. जरा मागे सरा."

ते मागे सरले, आणि मग हललेच नाहीत. सगळे नव्हते जिवंत, पण भरपूर होते. सरळ, जोरात, काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"हे सगळे शेठ?" आतोबांनी डोळा न काढता विचारलं.

"सगळे."

"आणि यातल्या एकेकात अख्खा शेठ?"

"अर्धा. उरलेला अर्धा गायीचा."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ज्याचं कपाळ ते रोज खाजवायचे, तो असा आतून, एवढा असंख्य असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. उठले तेव्हा एवढंच म्हणाले, "आता मी नळी आणखी जपून आणत जाईन."

शेठ केंद्रात राहिला. सगळ्यांचं तसं झालं नाही. काळ्या शिंगांचा एक वळू होता, त्याचंही गोठवून टिकत नव्हतं. त्याच्या रेघा नीट होत्या, बलकही लवकर घातला, तरी काही उपयोग झाला नाही. आत्याने विचारलं तेव्हा प्रथिनबाई म्हणाल्या, "शेकडो प्रथिनं आहेत हो. मला त्यांतल्या मूठभरांची भाषा थोडीफार कळते. बाकीची काय बोलतात, देव जाणे." तो वळू गेला त्या दिवशी त्याला सांभाळणारा माणूस गोठ्यात रिकामी साखळी घासत बसला होता. काही महिन्यांनी बाईही आपली पेटी घेऊन गेल्या. जाताना त्यांनी आत्याला एक वाळवलेली वडी दिली, शेठच्या रेघांची. ती तिने फ्रेम करून घेतली. तिच्या घरी येणारे पाहुणे विचारतात हे काय चित्र, आणि मग त्यांची सुटका नसते.

शेठच्या कांड्या गावोगाव गेल्या. त्याच्या लेकी दुधाला लागल्या. तो म्हातारा झाला, मागचे पाय धरले, आणि एका सकाळी आपल्या गोठ्यातच बसला तो उठला नाही. आतोबा त्याच्या मानेवर हात ठेवून शेवटपर्यंत बसले होते. आत्याही त्या दिवशी भिंत सोडून सरळ गोठ्यात गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. त्याच आठवड्यात साठ्याची नेहमीची तपासणी आली. तिने कांड्या ठेवायच्या नायट्रोजनच्या पिंपातल्या पांढऱ्या वाफेतून शेठची एक कांडी काढली, कोमट पाण्यात धरली आणि काच ठेवली. डोळे भरलेले असल्यामुळे आधी तिला काही दिसेना. मग दिसलं. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. ते निघाले होते.

दोघं निवृत्त झाली त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी मी त्यांना गाडीने घेऊन चालले होते, तेव्हा वाटेत एका गोठ्यापाशी चहाला थांबलो. गाय नुकतीच व्यायली होती. वासरू अजून ओलं होतं, पायांवर उभं राहायची खटपट चालली होती. आतोबा वाकून त्याचं कपाळ बघत राहिले आणि मालकीणबाईंना म्हणाले, "कांडी कोणाची होती?"

मालकीणबाईंनी जे सांगितलं ते ऐकून आत्याने माझा दंड धरला.

"चांगला वळू दिसतो," मालकीणबाई म्हणाल्या. "कुठे असतो तो? बघायला मिळेल का?"

"तो गेला," आतोबा म्हणाले.

"अरेरे. कधी?"

"ही तुमची गाय जन्मायच्या आधी."

मालकीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग वासराकडे. वासराला एव्हाना सड सापडला होता. ते चारी पाय फाकवून उभं होतं, कासेला ढुशा देत होतं, आणि त्याच्या तोंडाच्या दोन्ही कडांनी फेस गळत होता.